शद्रखाची घागर

एका गावात शद्रख नावाचा एक ख्रिस्ती शेतकरी राहत होता. त्याच्यापेक्षा त्याची टोपली जास्त प्रसिद्ध होती.

दर वर्षी रब्बीचं पीक घरात आलं की गावच्या चर्चमध्ये कापणीचा सण होई. ज्याच्याकडे जे पिकलं ते त्याने आणून वेदीपुढे ठेवायचं, चार शब्दांत देवाचे उपकार मानायचे, आणि मग आलेल्या सगळ्या धान्याभाजीचं एकाच मोठ्या चुलीवर जेवण रांधायचं, अशी तिथली रीत होती. शद्रखाच्या टोपलीत गहू, हरभरा आणि वर दोन मोठाली काशीफळं असत. टोपली उचलायला दोन माणसं लागत. उपकार मानताना त्याचं अर्धं लक्ष लोक टोपलीकडे बघतात की नाही याकडे असे. देव दयाळू आहे, तो असल्या गोष्टी मनावर घेत नाही. पण मागल्या वर्षी दीनाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेने परसातल्या घेवड्याच्या ओंजळभर शेंगा आणल्या, तेव्हा शद्रखाला हसू आवरलं नाही. ते तिने पाहिलं.

यंदा कापणी तोंडावर आली आणि गारा पडल्या. त्याही ओढ्यापलीकडच्या पट्टीवर, जिथे शद्रखाचं सगळं शेत होतं. बघता बघता उभा गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे चिखलात गेले. काशीफळांचं तर विचारूच नका. गावावर मात्र चार थेंबही पडले नाहीत.

घरात थोडी जुनी ज्वारी होती. ती संपली की नवराबायकोला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावं लागणार होतं. शद्रखाचं देवावरून मन उडालं. जेवणाआधी तो प्रार्थना करायचा, ती बंद झाली. बायको सलोमी एकटीच डोळे मिटायची, तोवर याचा घास तोंडात. यापुढे चर्चची पायरी चढणार नाही, असं त्याने तिला बजावून सांगितलं. तिने परोपरीने विनवलं, पण तो ऐकेना. पीक गेल्याचं तिला दुःख होतंच. नवऱ्याचा विश्वासही जातो की काय, याची तिला जास्त भीती वाटत होती.

सणाच्या आदल्या दिवशी दीनाबाई काठी टेकत त्यांच्या दारात आली. ही आता मागलं उट्टं काढणार, असं शद्रखाला वाटलं. तिने मात्र उद्या चर्चला ये, एवढंच सांगितलं.

"काय तोंड घिऊन येऊ, मावशे?" तो म्हणाला. "आन् उपकार कशाचं मानू? गारांचं?"

"गारांचं नगं मानू. त्यापायी रडायचं तर देवापुढंच रड, त्यो ऐकतो. पन घरादारात काय ऱ्हायलंय, ते एकदा फिरून बघ."

जाता जाता ती उंबऱ्याशी थांबली.

"मागल्या साली तू हसलास, म्या पाह्यलं. मी बी हसतच हुते, लेका. त्याच्या आदल्या साली माझी ओंजळ रिकामी हुती."

शद्रखाची मान खाली गेली.

गारा पडल्यापासून तो शेताकडे फिरकला नव्हता. सणाच्या सकाळी तो गेला, सलोमीही मागोमाग निघाली. पिकाकडे बघवेना, म्हणून विहिरीकडे वळला आणि घागर आत सोडली. दोर निम्माही सुटला नाही तोच घागर बुडाली. गारांबरोबर आलेल्या पावसाने ओढा वाहिला होता आणि विहीर वर आली होती. शद्रख काठावर बसून पोटभर रडला. मग भरलेली घागर त्याने स्वतःच खांद्यावर घेतली. सलोमी त्याच्या मागून चर्चकडे चालू लागली.

टोपल्यांच्या ओळीत त्याने घागर ठेवली, तेव्हा चर्चमध्ये कोणी हसलं नाही.

"प्रभू, पीक गेलं," तो म्हणाला. "मन अजून दुखतंय. पन सलोमी हाय, हिरीला पानी हाय, आन् तुझ्यापाशी यायला वाट हाय. तुझी उपकारस्तुती असो."

रांधायची वेळ झाली तेव्हा बायका चर्चच्या आडावर गेल्या आणि गाळ घेऊन परत आल्या. आडाने तळ गाठला होता. धान्याची रास पडलेली आणि शिजवायला पाणी नाही. मग पातेल्यात पहिली घागर शद्रखाची रिती झाली. पुरेना, तशी पोरं बैलगाडी जुंपून त्याच्या विहिरीवर गेली.

पंगत बसली. चर्चच्या पाळकसाहेबांनी जेवणाआधीची प्रार्थना शद्रखाला करायला सांगितली. इतक्या दिवसांची राहिलेली होती, त्यामुळे ती लांबली. कोणी चुळबुळ केली नाही. शेवटी दीनाबाई हळूच म्हणाली, "आता आमेन म्हन बाबा, तुझ्याच पान्याची आमटी निवाया लागली."

तात्पर्य: सुकाळात देवाचे उपकार कोणीही मानील; पण संकटात, रडता रडता का होईना, जो उरलेल्याबद्दल त्याची स्तुती करतो, त्याचीच कृतज्ञता खरी.