सतारीवरची पाठवणी

फार वर्षांमागे नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावची एक रीत होती. लग्न होऊन मुलगी सासरी निघाली की वेशीपाशी गाडी थांबायची आणि सारंगीवर पाठवणीची चाल वाजायची. चालीच्या शेवटी एक लांब सूर. तो कानात असेतोवर मुलीनं आपल्या पायांनी वेस ओलांडायची. सूर तुटला आणि मुलगी अलीकडेच राहिली, तर तिचा जीव सासरी रमत नाही, असं बायका म्हणत.

सारंगी वाजवणारे बुवा गावात एकच. त्यांचा उजवा हात लुळा पडला, तारांवर फिरवायचा गज धरवेना. नेमकं त्याच साली एका सुताराच्या बहिणीचं लग्न ठरलं. आईबाप लवकर गेलेले. सुतारानंच तिला वाढवलं होतं. तिची वेणी घालायलासुद्धा तोच शिकला होता. तिला मुक्यानं वेशीबाहेर धाडायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना.

त्याला सतार बऱ्यापैकी यायची. तो बुवांकडे गेला. म्हणाला, "बुवा, ती चाल मला सांगा. मी सतारीवर बसवतो."

"सांगतो की. पण सारंगीची चाल आहे बाबा, दम धर."

बुवा गुणगुणायचे, सुतार वाजवायचा. हळूहळू चाल बसली. अडलं ते शेवटच्या सुराशी. सारंगीचा गज फिरतोय तोवर सूर राहतो. सतारीची तार छेडली की वाजते आणि विरत जाते. सूर विरू लागला की सुतार घाईनं तार पुन्हा छेडायचा. आणि पुन्हा, आणि पुन्हा.

बहीण तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "दादा, ही माझी पाठवणी आहे का लाह्या फुटतायत?"

सुतार इरेला पेटला. त्यानं शेजारच्या घोडीच्या शेपटीचे केस आणले, वेताच्या काठीला ताणून बांधले आणि सतारीवर गज फिरवला. असा काही आवाज निघाला, की गोठ्यात घोडी बिथरली.

"आधी तिचे केस नेलेस, आता तिला भेव दाखवतोस होय?" बहीण म्हणाली.

सुतार तो गज घेऊन बुवांकडे गेला. बुवा पोटभर हसले. मग म्हणाले, "तार छेड. एकदाच. आणि हात मांडीवर ठेव."

त्यानं तार छेडली. थोड्या वेळानं म्हणाला, "संपला."

"तुझ्यापुरता संपला. मला अजून येतोय. तुझा हात पुढच्या घाईत असतो, म्हणून कान पोचत नाही. हे बघ, माझी सारंगी सुराला धरून ठेवते. तुझी सतार सोडून देते. तिचा तो स्वभावच आहे. मग सोडायचं ते नीट सोड."

सुतार गज उचलून निघाला. घरी येऊन त्यानं काठीचे केस सोडून टाकले.

पाठवणीचा दिवस आला. सगळा गाव वेशीपाशी जमला. सुतारानं चाल वाजवली आणि शेवटच्या सुरावर आला. तार छेडली. सूर घुमला, बारीक होऊ लागला. बहीण वेशीच्या अलीकडे उभी, नजर दादाच्या हातावर. त्यानं आणखी एकदा तार छेडली असती, तर ती आणखी थोडी थांबली असती. हे दोघांनाही कळत होतं.

सुताराचं बोट तारेपर्यंत गेलं. तसंच परत आलं. त्यानं हात मांडीवर ठेवला.

बहिणीनं पदर सावरला आणि चालू लागली. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिनं वेस ओलांडली, गाडीत बसली, बैल चालू लागले.

गर्दीतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "सूर संपला कधी गं?"

"कुणास ठाऊक. मला तर गाडी दिसेनाशी होईतो येत होता."

तात्पर्य एवढंच: धरून ठेवणं ही माया खरीच, पण वेळ आली की हात आवरून घेणं, हीसुद्धा मायाच असते.