कावळधारेची उतरण

“मला सांगताय का?” शेखरने मान न वळवता विचारलं. “मला दिसतोय उतार.”

“तुला न्हाई,” मागून धावजीबाबा म्हणाले. “त्याला सांगतोय.”

दोन बांबूंना घोंगडी बांधून केलेली डोली होती, आणि डोलीत शेखरचा मित्र गिरीश टोणपे होता. त्याला जाऊन चार तास झाले होते.

पुढची टोकं शेखरच्या खांद्यांवर होती, मागची काळूच्या. काळू म्हणजे धावजीबाबांचा पुतण्या. बाबा स्वतः डोलीच्या बाजूने, गिरीशच्या डोक्यापाशी चालत होते. वाटेवर आलेली करवंदीची फांदी कोयत्याने तोडायचे आणि हलक्या आवाजात सांगायचे, आता वळण आहे... आता जरा हादरा बसंल...

सकाळी चौघं मित्र पुण्याहून निघाले होते. शेखर, गिरीश, इरफान आणि पद्मजा. कॉलेजातली जुनी दोस्ती. कावळधार एका दिवसात चढून उतरायची, संध्याकाळी घरी. शेखर ही धार सात वेळा चढला होता. हिमालयात जाऊन त्याने गिर्यारोहणाचं शिक्षणही घेतलं होतं. गिरीश मात्र बँकेतल्या खुर्चीतून उठून पहिल्यांदाच डोंगरावर आला होता, तोही शेखरने महिनाभर मागे लागून आणलेला.

माथ्याखालच्या कातळटप्प्यावर त्याचा पाय सुटला. खाली नाळ होती, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, मोठमोठ्या दगडांनी भरलेली.

इरफान धावत वाडीत गेला. कड्यावरून कुणी पडलं की वाडीतली माणसं आधी धावजीबाबांचं दार वाजवतात. बाबांनी काही विचारलं नाही. घोंगडी उचलली, बांबू घेतले, काळूला हाक मारली. पोलिसांना फोन गेला. त्यांनी खाली आणायला सांगितलं आणि ते शाळेपाशी थांबले. बाबांना घेऊन परत वर आलेल्या इरफानबरोबर पद्मजाला खाली पाठवून दिलं. शेखर मात्र हटला नाही. मी खांदा देणार, म्हणाला.

नाळेत तो बाबांना सूचना देत राहिला. ही गाठ सुटेल, अशी बांधा. पाय पुढे, डोकं मागे, म्हणजे उतारावर डोकं वर राहील. बाबांनी त्याला बांधू दिलं. तोंड झाकायला त्याने रुमाल काढला, तेव्हा मात्र त्यांनी त्याचा हात धरला. घरच्यांनी बघेपर्यंत झाकायचं नसतं, एवढंच म्हणाले. गिरीशच्या तोंडावर साधं खरचटलंही नव्हतं. लागलं होतं ते मागच्या बाजूला.

मग शेखर डोलीच्या पुढच्या टोकाशी गेला. वाट मला पाठ आहे, म्हणाला.

पहिल्या सपाटीवर बाबांनी थांबायला सांगितलं. शेखरला थांबायचं नव्हतं. त्याचे खांदे सोलून निघाले होते, पण दुखणं त्याला बरं वाटत होतं. दुखत होतं तोवर दुसरं काही आठवत नव्हतं.

डोली खाली ठेवली. बाबांनी पाण्याची बाटली उघडली. आधी बोटांनी दोन थेंब गिरीशच्या ओठांना लावले, मग बाटली काळूला दिली.

“बाबा... तो गेलाय,” शेखर म्हणाला.

“ठावं हाय.”

“मग त्याला काय कळणार?”

बाबांनी उपरण्याने गिरीशच्या कपाळावरची धूळ पुसली.

खाली वाडीची कौलं दिसत होती. शाळेच्या पटांगणात एक पांढरी गाडी येऊन थांबली होती. गिरीशचा थोरला भाऊ त्या गाडीने येणार होता. गेला तासभर शेखर मनात एकच वाक्य घोळवत होता: पाय घसरला, कुणाच्याच हातात नव्हतं.

“त्याच्या भावाला काय सांगू?” शेवटी त्याने विचारलं.

“काय झालं ते.”

“पाय घसरला त्याचा.”

“तू कुठं होतास?”

“वर. पुढे.”

“किती पुढं?”

शेखर बोलायला गेला. दहा पावलं म्हणावं, की वीस... खरं म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं. मागून गिरीशची हाक आली होती, शेखर, जरा थांब रे. एकदा. मग पुन्हा. चल रे, आलाच माथा, असं त्याने वर बघूनच सांगितलं होतं. पुढच्या वेळी हाक आली नाही. दगड गडगडल्याचा आवाज आला.

“मी वळून पाहिलं नाही,” तो म्हणाला.

हे तो दिवसभरात पहिल्यांदा बोलला होता. इरफानलाही त्याने सांगितलं नव्हतं.

काळू खाली मान घालून पायातला काटा काढत होता. शेखरला वाटलं, आता म्हातारा काहीतरी बोलेल. शिव्या देईल, नाहीतर नशिबाचं होतं म्हणेल. दोन्हींतलं काहीही त्याला चाललं असतं.

बाबा उठले. कोयता काळूच्या हातात दिला आणि त्याला वाट साफ करायला पुढे पाठवलं. मग ते डोलीच्या पुढच्या टोकाशी, शेखरच्या जागी जाऊन उभे राहिले. वाकून त्यांनी बांबूंची टोकं धरली.

“बाबा, मी आहे ना पुढे,” शेखर म्हणाला. “तुम्हाला या वयात...”

“तू मागनं धर,” धावजीबाबा म्हणाले. “तिथनं तोंड दिसतंया.”