युवराजाच्या खांद्यावरची तुळई

एका राज्यात दगडाला जीव असे, झाडाला वाचा असे आणि राजाला हौस असे. पहिल्या दोन गोष्टींनी तिथे कधी कुणाचे वाईट झाले नाही. तिसरीने झाले, त्याची ही कथा.

राजाचे नाव भद्रकेतू. त्याच्या महालात एक मोठे सभागृह होते आणि सभागृहाच्या मधोमध एक काळा पाषाणी खांब. खांबावर सागवानी तुळई, तुळईवर दोन मजले, आणि त्या दोन मजल्यांत राजाचे सारे गोत. राजाच्या पणजोबांच्या काळापासून खांब मुकाट्याने आपले काम करीत होता. मुकाट्याने काम करणाऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि गेलेच तर तो मध्ये येतो म्हणूनच जाते.

राजपुत्र सुकेतू याचे लग्न झाले. वधू मेखला ही डोंगरापलीकडच्या राजस्थपतीची कन्या. तिच्या घराण्याने सात राज्यांतले जुने किल्ले, मंदिरे आणि महाल दुरुस्त केले होते, आणि ती बापाबरोबर परांच्यांवर चढूनच वाढली होती. सुनेच्या स्वागताला सभागृह कसे ऐसपैस दिसले पाहिजे, असे राजाच्या मनाने घेतले. त्याने हुकूम सोडला, "तो मधला खांब काढा."

त्या राज्यात जुना दगड हलवण्याआधी त्यावर तळहात ठेवून विचारायची रीत होती, "बाबा रे, तुझ्यावर कुणाचा भार?" दगड सांगे, आणि मग काय ते ठरे. पण वरात वेशीशी आली होती, राजाला घाई झाली होती, आणि विचारायचे राहून गेले.

खांबाला दोर लागले. सुकेतू घोड्यावरून उतरून पुढे आला होता, आणि मेखला उंबरठ्यावर माप ओलांडण्यासाठी पाऊल उचलून उभी होती. तेवढ्यात खांब निसटला आणि तुळई कण्हली. लोकांना वाटले, सनई बेसूर झाली. मेखलेला तो आवाज ओळखू आला. ती ओरडली, "बाहेर पडा सगळे!" सुकेतूनेही तो ऐकला होता, पण तो बाहेर धावला नाही, आत धावला. खांबाच्या रिकाम्या बैठकीशेजारी पाय रोवून त्याने तुळईखाली खांदा दिला. वरच्या मजल्यांवरची माणसे जिन्याने उतरून सुखरूप बाहेर पडली.

खांबात एक यक्ष राहत असे. दोरांनी ओढला जाता जाता तो आतून गरजला, "माझी जागा घेतलीस? मग घे. ज्या दिवशी आपणहून हा भार सोडशील आणि तरी महाल उभा राहील, त्या दिवशी सुटशील. आणि तुझ्याकडून हा भार जो हिसकावून घेईल, त्याच्या डोक्यावर महाल येईल."

शाप उच्चारताच सुकेतूची पावले दगड झाली. संध्याकाळपर्यंत दगड घोट्यावर चढला. कपाळावर हात मारीत राजाने खांब नदीत टाकायला लावला, म्हणजे चुकीवर आणखी एक चूक केली, आणि दरबारचा मांत्रिक कालजिव्ह याला बोलावले. कालजिव्हाने मंत्र फुंकला, तुळई एका झटक्यात वर उचलली, तशी पलीकडची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. तुळई पुन्हा सुकेतूच्या खांद्यावर आदळली. कालजिव्ह जो पळाला तो त्या राज्यात पुन्हा दिसला नाही.

राजा सिंहासन सोडून मुलाच्या पायाशी येऊन बसला. सुकेतू म्हणाला, "बाबा, बाहेर जा."

"जाणार नाही. तू पडलास तर मीही पडेन."

त्यामुळे सुकेतूला खांदा हलवायची सोयच उरली नाही.

मेखला भिंतीजवळ गेली. फाटलेल्या भेगेवर तिने चुन्याची पातळ पट्टी आडवी लिंपली. भिंत हलली तर पट्टी तडकेल, न हलली तर शाबूत राहील, एवढी साधी गोष्ट. पण आजारी घराची नाडी बघायची ती हीच. मग ती तुळईकडे बघत राहिली. तुळईच्या कोपऱ्यात मातीचे घरटे होते, त्यातून एक पाकोळी डोकावली.

"बघतेस काय? विचार," पाकोळी म्हणाली. "या घरात माझ्या पिढ्या गेल्या."

"हे घर वाचेल का?"

"वाचेल. तीन गोष्टी लागतील. मोडण्याआधी ओरडणारे लाकूड, घाई न करणारा चुना, आणि तोच खांब, राजीखुशीने आलेला. दगड त्याच्या ओठांशी पोहोचला की मग मात्र तुझा नवरा कायमचा खांब झाला म्हणून समज."

मेखला नवऱ्याकडे वळली. लग्न लागल्यापासून ती दोघे एकमेकांशी चार शब्दही बोलली नव्हती. ती म्हणाली, "युवराज, मी येते. तोवर धराल ना?"

"धरीन," तो म्हणाला. "तुम्हाला हे काम येते ना?"

"येते."

आणि पाकोळीला खांद्यावर घेऊन ती निघाली.

पहिल्यांदा ती वाचाळवनात गेली. तिथली झाडे पांथस्थाला बघून आपापली कीर्ती सांगत. एक म्हणाले, "मी हत्ती पेलतो." दुसरे म्हणाले, "मी पर्वत पेलतो." मेखलेने सगळ्यांना एकच विचारले, "भार झेपेनासा झाला, तर काय कराल?" झाडांना राग आला. पहिले म्हणाले, "असे होणारच नाही." दुसरे म्हणाले, "मोडेन, पण ब्र काढणार नाही." ओढ्याकाठी एक मध्यम अंगाचा साग उभा होता. तो जरा ओशाळून म्हणाला, "मी तर बुवा ओरडेन. मोडायच्या कितीतरी आधी ओरडेन."

"चल माझ्याबरोबर," मेखला म्हणाली.

सागाने आपल्या दोन सरळ फांद्या काढून दिल्या. गप्प राहून मोडणाऱ्या आधाराखाली माणसे मरतात, हे बापाने तिला अक्षरओळखीच्याही आधी शिकवले होते.

मग ती, पाकोळीच्या सांगण्यावरून, जुन्या चुन्यासाठी घोरदंत राक्षसाच्या गुहेत गेली. गुहेत सोन्याची रास होती आणि छताला पुष्कळ वटवाघळे लोंबत होती. ती वटवाघळे म्हणजे पूर्वी सोने न्यायला आलेले शूर पुरुष. सोन्याला लोभाने हात लावला की तसे होई. मेखलेने पदर खोचला, फावडे घेतले आणि सोने भराभरा बाजूला सारू लागली. राक्षस दचकून जागा झाला.

"हे काय चालवलेस?"

"चुना काढते आहे. याच्या खाली मुरलेल्या चुन्याचा खड्डा आहे ना?"

"आहे. आजोबांनी भिजत घातला होता. आणि हे सोने?"

"हे मध्ये येते आहे."

राक्षस तिच्याकडे बघतच राहिला. सोन्याला अडगळ म्हणणारी बाई त्याने पाहिली नव्हती. तो खूश होऊन म्हणाला, "चुना कशाला? माझ्याकडे वज्रलेप आहे. लावताक्षणी वज्र होतो."

"आणि शेजारचा जुना दगड?"

"तो फुटतो. पण वज्रलेपाला चरा जात नाही."

"मग तो तुमच्याकडेच असू द्या. जुन्या घराला त्याच्याहून हट्टी सोबती देऊ नये. मला सावकाश घट्ट होणारा चुनाच हवा. आणि तो आजोबांच्या घाणीत, दगडी चाकाखाली, चांगला दळायचा आहे. बैल आहे का?"

बैल नव्हता. राक्षस म्हणाला, घाणी फिरवायला असे कितीसे बळ लागते? मेखला म्हणाली, तुम्हाला जमेल असे वाटत नाही. आपण घाणीला जुंपले गेलो हे घोरदंताला बऱ्याच फेऱ्या झाल्यावर कळले, आणि तोवर त्याला मजा वाटू लागली होती. मेखलेने वरून गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घातले, बेलफळाचा गर घातला. चुना लोण्यासारखा मऊ झाला. राक्षसाने तो स्वतः डोक्यावर घेऊन राज्याच्या वेशीपर्यंत पोहोचवला.

पाकोळी पुढे उडून महालात डोकावून आली. "दगड छातीवर गेला," ती म्हणाली. "पट्टी अजून शाबूत आहे."

तिसऱ्यांदा मेखला नदीवर गेली आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. तळाशी काळा खांब आडवा पडला होता. तिने वाकून त्याच्यावर तळहात ठेवला. "बाबा रे, तुझ्यावर कुणाचा भार होता?"

पाणी थांबले. खांबातून यक्ष बोलला, "आता विचारता होय? भद्रकेतूच्या पणज्याचा होता. त्याच्या राणीच्या पाळण्याचा होता. वरती जे जन्मले, नाचले, भांडले आणि म्हातारे झाले, त्या साऱ्यांचा होता. तुझा नवरा पहिले पाऊल टाकताना माझ्याच डोक्यावर आपटला होता."

"तुमचा अपमान झाला. आमची चूक झाली. घरी चला."

 यक्ष म्हणाला, "दिलेला शाप मला मागे घेता येत नाही. तो तुम्हीच सोडवायचा. पण येतो. एक अट. भार एकदम अंगावर टाकू नकोस. इतके दिवस पाण्यात पडून आहे, तडकेन."

"मीही तेच सांगणार होते."

यक्ष हलका होऊन बसला, आणि खांब प्रवाहाच्या उलट तरंगत राजधानीत आला.

सभागृहात सुकेतूचा दगड गळ्याखाली चार बोटांवर थांबला होता. थांबला कसला, वर सरकतच होता. राजा तिथेच बसून होता. मेखलेने आधी तुळईला दोन्ही अंगांनी सागाचे टेकू लावले. मग खांबाची सैल झालेली बैठक उकरून चुन्यात पक्की बसवली, तिच्यावर खांब उभा केला. खांबाचा माथा आणि तुळई यांच्यात बोटभर फट उरली. त्या फटीत तिने समोरासमोरून लाकडी पाचरी सरकवल्या. इकडच्या पाचरीवर हातोडीचा एक हलका ठोका, तिकडच्या पाचरीवर एक, आणि मग थांबायचे. भिंतीवरची पट्टी बघायची. पुन्हा ठोका, पुन्हा थांबायचे.

राजाला ते थांबणे सोसवेना. दगड मुलाच्या गळ्याला टेकला होता. ती पट्टी बघायला वळली, तेवढ्यात त्याने हातोडी उचलून पाचरीवर मारली सणसणीत.

"अगं आई गं!" टेकू ओरडला. "थांबा!"

चुन्याची पट्टी टचकन तडकली. छतातून माती सांडली. यक्षाने आतून दात आवळल्याचे ऐकू आले. मेखलेने पाचर अर्धा बोट मागे घेतली, तसे सारे शांत झाले.

"मामंजी, हातोडी इकडे द्या."

राजाने दिली. त्याचा चेहरा पार उतरला होता. "सूनबाई, मुलगा जातो आहे गं माझा."

"माझाही नवरा जातो आहे. म्हणूनच घाई करीत नाही. तिकडची पट्टी पुन्हा लिंपा आणि तिच्यावरून नजर हलवू नका."

राजाने आयुष्यात पहिल्यांदा चुन्यात हात घातला आणि पट्टी लिंपली. बरी लिंपली. मेखला ठोके घालीत राहिली, इकडे एक, तिकडे एक. टेकू कुरकुरेनासे झाले. राजा दर खेपेला सांगे, "शाबूत आहे." शेवटी एका ठोक्याला खांबातून खोल, भरल्या पोटाचा आवाज आला. मेखलेने हातोडी खाली ठेवली.

"युवराज, खांदा काढा."

सुकेतूने डोळे मिटले होते. दगड त्याच्या हनुवटीला भिडला होता. "नाही. मी सोडले तर तुळई बाबांवर येईल."

"येणार नाही."

"मला भार लागतो आहे, मेखला. अजून लागतो आहे."

पाकोळी घाबरून घिरट्या घालू लागली. शाप असा, की त्याने आपणहून सोडावे. कुणाला ओढून काढता येत नव्हते. मेखलेने आपल्या वेणीतला एक केस उपटला, दोन्ही टोकांना धरून ताणला आणि सुकेतूच्या खांद्यावर टेकवला. "डोळे उघडा आणि बघा."

तिने तो केस त्याचा खांदा आणि तुळई यांच्यामधून सरकवला. केस कुठेही अडकला नाही. या टोकाने आत गेला आणि त्या टोकाने बाहेर आला.

सुकेतू त्या केसाकडे बघत राहिला. "म्हणजे माझ्यावर काहीच नाही?"

"केव्हाचेच नाही. खांबाने घेतला आहे."

"मग इतका वेळ मी काय धरून उभा होतो?"

"आम्हाला," मेखला म्हणाली. "आता सोडा. आम्ही दोघे इथेच आहोत."

आणि ती मुद्दाम तुळईच्या बरोबर खाली, राजाशेजारी जाऊन उभी राहिली. सुकेतूने एकदा बापाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. त्याने लांब श्वास घेतला आणि खांदा सोडला; दगड झालेला असूनही तो बोटभर खाली आला.

काही झाले नाही. टेकू बोलले नाहीत, पट्टी तडकली नाही, धुळीचा कण पडला नाही. खांबातला यक्ष फक्त म्हणाला, "हं. आहे." मग सुकेतूच्या हनुवटीखालचा दगड जुन्या गिलाव्यासारखा सुटला आणि खळाखळा पायांशी येऊन पडला. नदीपलीकडे घोरदंताच्या गुहेतली वटवाघळे त्याच क्षणी माणसे होऊन आपापल्या घरी गेली. ती का सुटली हे कुणाला कळले नाही. कदाचित शापही एकमेकांना टेकूनच उभे असतात.

सुकेतूच्या पायांत बळ नव्हते. राजाने त्याला कवेत घेतले आणि मोठ्याने रडला. राजवैद्य म्हणाले, युवराजांना शयनगृहात न्या, वरच्या मजल्यावर मऊ बिछाना आहे. सुकेतूने मान हलवली. तो तिथेच, त्या तुळईच्या खाली, उघड्या फरशीवर आडवा झाला. मेखलेने आपला शेला त्याच्या डोक्याखाली दिला.

त्याने एकदा वर पाहिले, कूस बदलली आणि घोरू लागला. तो जागा झाला तेव्हा महाल जागच्या जागी होता, राज्य जागच्या जागी होते, आणि मेखला वरच्या मजल्यावर एकेका भिंतीला हात लावून तिची विचारपूस करीत हिंडत होती.