अर्धा उजेड

“सगळं सोडून आलो, तर ठेवून घ्याल का अक्का?”

धनपालने विचारलं खरं. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा हा मास्तर दर शनिवारी टेकडीवरच्या मठात यायचा, आणि आपलं वैराग्य आता पिकलं आहे अशी त्याची पक्की खात्री झाली होती. पिकलेलं फळ मात्र देठाला विचारत बसत नाही.

“कशाला सोडतोस?” मठ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या.

“अर्धा इथं, अर्धा तिथं असं झालंय माझं. तुमच्यासमोर बसलो की घर आठवतं, घरी गेलो की मठ. परवा तीर्था म्हणाली, बाबा, तुम्ही नुसतं हं हं करता, ऐकत नाही.”

पोरीचं बोलणं सांगताना त्याची मान खाली गेली. लाज वाटली त्याला.

अक्कांनी त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट केलं.

“पिशवीत काय हाय?”

धनपाल लगेच खुलला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अक्कांना ट्यूबलाइट खुपत होती, म्हणून त्याने त्यांच्यासाठी दिवा केला होता. लाकडी फळीवर नखाएवढी मायक्रोकंट्रोलरची चिप, दोन बटणं, आणि लांब वायरच्या टोकाला पांढरा एलईडी. एक बटण धरून ठेवलं की उजेड वाढायचा, दुसरं धरून ठेवलं की उतरायचा.

अक्कांनी दोन्ही दाबून पाहिली. वर, खाली, पुन्हा वर. लहान पोरासारख्या रंगून गेल्या.

“मधी ठेवला बघ. आता ह्यो निम्माच पेटलाय व्हय?”

“नाही अक्का.” मठातल्या मठात मास्तरचा वर्ग सुरू झाला. “याला निम्मं पेटणं येतच नाही. ही चिप त्याला पूर्ण पेटवते आणि पूर्ण विझवते. सेकंदात शेकडो वेळा. पेटलेला वेळ जास्त, तर उजेड जास्त. बटणाने फक्त तो वेळ बदलतो.”

“मला तर इझलेला दिसत न्हाई.”

“डोळ्याला तेवढा वेग पकडता येत नाही.”

“खरं सांगतोस?”

“वर्षानुवर्षं हेच शिकवतोय मी!”

“शिकिवतोस. बघितलंयस कधी?”



अक्का उठल्या. त्यांनी दार लोटलं, खिडकी लावली. संध्याकाळचा उरलासुरला उजेडही बाहेर राहिला. मग वायर धरून त्यांनी तो एलईडी गोफणीसारखा गरगर फिरवला.

अंधारात उजेडाचं कडं उमटायला हवं होतं. उमटले ते तुकडे. पेटलेला, काळा, पेटलेला, काळा...

धनपाल बघतच राहिला. ही आकृती त्याने फळ्यावर कितीदा तरी काढली होती, पण हवेत कधी पाहिली नव्हती. 

“ह्यात अर्धा कुठला?” हात न थांबवता अक्कांनी विचारलं.

“अर्धा...” तो खरोखरच शोधू लागला. “अर्धा नाहीच की अक्का.”

“मग मगाधरनं आपण काय बघत हुतो?”



तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून पाहिला, घरून होता. या वेळी तीर्थाच फोन करायची. धनपालचा अंगठा सवयीने फोन बंद करायला गेला आणि मध्येच थांबला.

“अक्का, आता मी...”

अक्का खाली बसल्या. दिवा मांडीवर घेऊन त्यांनी उजेड उतरवायचं बटण दाबून धरलं. भिंती गेल्या, अक्कांचा चेहरा गेला, शेवटी हातही दिसेनासे झाले. धनपालच्या मुठीतला फोन तेवढा उजळत, थरथरत राहिला.

काळोखातून आवाज आला.

“बोल पोरीसंगं. हितला दिवा इझलाय.”