हातावरचं दही

एक होता राजा. नाव रणभान. वाईट नव्हता, पण ऐकायचा नाही. ऐकत नाही तो राजा असो की बैल, दोघांची गत एकच. तंगड्या आवरा आधी. हं.

त्याचं राज्य समुद्राकाठी. आणि सात दिवस होडी हाकली की तीन बेटं लागायची. तिथं आधी कुणी राहत नव्हतं. मग राजाच्याच मुलखातली माणसं तिकडं गेली. झाडी तोडली, गोठे बांधले, गुरं वाढवली. राजाची धाकटी बहीण मंजुळा, तिच्या नवऱ्यानंही तिकडंच घर बांधलं, म्हणून तीही निघाली.

त्यांच्या आईपाशी विरजणाचं एक मातीचं भांडं होतं. साधं नव्हतं बरं का. कितीही विरजण काढा, सकाळी परत काठोकाठ. म्हातारीनं निघणाऱ्या प्रत्येक घराला त्यातलं चमचाभर दिलं. आणि प्रत्येकाच्या हातावर दही ठेवलं. आपण नाही का गावाला निघताना ठेवत, तसं. म्हणाली, "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं." आणि हात पुसला तो मंजुळेच्याच पदराला.

मंजुळा ओरडली, "आई गं, नवं लुगडं!"

"असू दे. धुऊ नको."

मग राजाला म्हणाली, "वाटी घेऊन कोणी दारात आलं तर नाही म्हणू नकोस. तीनदा नाही म्हणालास की भांडं संपलं."

पुढं म्हातारी वारली. तिचं बोलणंही तिच्याबरोबर गेलं.

मग एकदा काय झालं, प्रधान राजाच्या कानाला लागला. "महाराज, बेटावरची माणसं माजलीत. लोणी खातात, मुजऱ्याला येत नाहीत. त्यांची विरजणाची भांडी फोडा. दही आपण पाठवू. मग बघा कशी वाकत येतात."

आता सांगा, गाय त्यांची, दूध त्यांचं, आणि दही राजाचं! पण राजाला पटलं. शिपाई गेले, घरोघरची भांडी फोडून आले. मग राजवाड्यातून दह्याची होडी निघायला लागली. सात दिवस ऊन, सात दिवस खारं वारं. पोचेपर्यंत त्या दह्याला कुत्रं तोंड लावेना.

मग बेटावरून धोंडू गवळी आला. म्हातारा, रिकामी वाटी घेऊन. "महाराज, चमचाभर विरजण द्या. आमचं आम्ही घरी लावू."

"घरी लावलंत तर माझ्याकडं कशाला याल? नाही."

आत आईचं भांडं अर्धं झालं.

मग मंजुळेचा नवरा आला. सख्खा मेहुणा. त्याला दोन दिवस दाराबाहेर उभा केला आणि म्हणाला, नाही. भांड्याला तळ दिसायला लागला.

मग मंजुळा स्वतः आली. "दादा, एकदा येऊन बघ. आमची घरं बघ, पोरं बघ. मग तू सांगशील ते करीन."

"आधी सगळ्यांनी मुजरा करायचा. मग येण्याचं बघू."

"म्हणजे नाहीच ना?"

"नाही."

भांडं कोरडं ठणठणीत.

मंजुळा माघारी निघाली. तिच्या हातावर कुणी काही ठेवलं नाही. सात दिवस होडीत बसून तिनं आपला रिकामा हात बघितला. आणि तिला आईचा हात आठवला. घरी गेली, पेटी उघडली, जुनं लुगडं काढलं. पदराचा एक कोपरा अजून कडक होता. न धुतलेला. तो तिनं कोमट दुधात बुडवला, वर झाकण ठेवलं. सकाळी बघते तर काय, दही लागलेलं! असं घट्ट की वाटी उपडी केली तरी पडू नये. मग तिच्या घरातून शेजारणीकडं, शेजारणीकडून पुढच्या आळीत, असं तिन्ही बेटांवर गेलं.

मग राजाची होडी आली तशी लोकांनी ती उलटी फिरवली. म्हणाले, "होडी नको आणि मुजराही नाही. सांगा तुमच्या राजाला."

झालं. लढाई.

राजानं पहिलं आरमार पाठवलं. शिपाई वाळूत उतरले. समोर कोण? कुणाचा मामा, कुणाची मावशी. एक म्हातारी म्हणाली, "अरे, तू पारूचा ना? केवढा घामाघूम झालास. ताक पी आधी." ताक प्यायल्यावर कोण मेला तलवार उपसतो? अर्धे तिथंच राहिले, उरलेले तोंड लपवत परत आले.

मग दुसरं आरमार. या वेळी भाड्याचे शिपाई. नातं ना गोतं. पण हुकूम कोण सोडणार? राजा, आपल्या गादीवरून. "पहिल्या बेटावर चढा." हुकूम पोचायला सात दिवस. तोवर लोक दुसऱ्या बेटावर. "दुसऱ्यावर चढा." परत सात दिवस. तोवर आली ओहोटी, आणि गलबतं चिखलात रुतून बसली. तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं ओहोटी कधी येते. राजाला नव्हतं. तो कधी गेलाच नव्हता ना तिथं.

तिथं थांबायचं होतं त्यानं. नाही थांबला.

मग तिसरं आरमार. त्याच्यावर कोण? राजाचा एकुलता एक पोरगा, शशिभान. लहानपणी आत्यानं याला अंगाखांद्यावर खेळवलेला. म्हणाला, "बाबा, मी आत्याशी बोलतो."

"बोलायचं नाही. जिंकून यायचं."

उंबऱ्यात त्यानं सवयीनं हात पुढं केला. राणीनं भांड्यात बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. बोटाला नुसती माती. पोरगा म्हणाला, "राहू दे आई. जातो मी."

जातो म्हणाला, बरं का.

बेटावर पहाटेचं धुकं होतं. पहिला तोच उतरला. आत्याला हाक मारायला हात वर केला, तेवढ्यात कुणाच्या तरी गोफणीचा दगड आला. लागला. ज्यानं मारला त्यालासुद्धा माहीत नव्हतं कोण आहे तो. मंजुळा धावत आली तोवर संपलं होतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुपारपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मग एक होडी आली राजाच्या किनाऱ्याला. वल्हवायला कुणी नव्हतं. सात दिवस आपली आपण आली. आत शशिभान, झोपल्यासारखा. आणि त्याच्या तळहातावर चमचाभर दही. पांढरंशुभ्र, आत्ताच ठेवल्यासारखं.

पोरगा घरी निघाला होता ना. म्हणून आत्यानं ठेवलं होतं.

राजा त्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "गलबतं माघारी बोलवा." तो हुकूमही पोचायला सात दिवस लागले. त्या सात दिवसांत आणखी माणसं मेली. दोन्हीकडची.

मग राजानं मुकुट ठेवला, रिकामी वाटी घेतली आणि पहिल्यांदा त्या होडीत बसला. सात दिवस म्हणजे किती, ते त्याला तेव्हा कळलं. मंजुळेच्या दारात उभा राहिला. नुसती वाटी पुढं धरली.

तिनं वाटी भरली.

राजा म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"आईनं शिकवलं नाही," मंजुळा म्हणाली. "बेटं मात्र आता आमची, दादा."

"तुमचीच."

निघताना ती म्हणाली, "हात पुढं कर." हातावर दही ठेवलं. "काय म्हणायचं?"

"येतो," राजा म्हणाला. आणि वाळूत बसून रडला.

मग तो वर्षातून एकदा जायचा, भाऊ म्हणून. भांडं परत भरलं, इकडचे तिकडचे सगळे दहीभात खाऊन सुखानं राहिले. राजाही राहिला. पण पानावर बसला की चमचाभर दही बाजूला काढून ठेवायचा. कुणासाठी ते कुणी विचारत नसे.

संपली गोष्ट. रडतंय कोण ते? गप. पांघरूण घ्या. आणि सकाळी शेजारची बाई वाटी घेऊन आली तर मला उठवायचं नाही, आपलं आपण द्यायचं. झोपा आता.