मच्छरदाणी कुणासाठी

एकदा एक गाव हिवतापाच्या तावडीतून सुटले. चार वर्षे तिथे कुणालाही तो ताप आला नाही. गावच्या वृद्ध वैद्यांच्या शिष्याने डबकी बुजवली होती, विहिरींत गप्पी मासे सोडले होते. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

पाचव्या वर्षी झिबल नावाचा मजूर दूरच्या जंगलातून बांबूतोड आटोपून परतला, तो कुडकुडतच. रक्त तपासले, हिवतापच निघाला. शिष्याचे डोके फिरले. चार वर्षांच्या मेहनतीवर याने पाणी फिरवले! "हा ताप आपल्या गावचा नाही," त्याने चारचौघांत बजावले. झिबलच्या हातावर गोळ्या टेकवून त्याला वेशीबाहेरच्या पडक्या गोठ्यात धाडले, आणि हात झटकले.

संध्याकाळी वैद्यांना हे कळले. ते तडक शिष्याच्या घरात शिरले, त्याच्या खाटेवरची मच्छरदाणी ओढून काढली आणि गोठ्यात जाऊन झिबलवर बांधू लागले.

शिष्य मागोमाग धावला. "गुरुजी, त्याला डास चावून झालाय! आता मच्छरदाणीचा काय उपयोग?"

"ती त्याच्यासाठी नाही, मूर्खा, तुझ्या लेकीसाठी आहे!" वैद्य कडाडले. "ताप गेला, पण डास कुठे गेले? इथला डास याला चावेल आणि आठ-दहा दिवसांत हाच ताप घरोघर पोचवेल. त्या दोन वर्षांच्या पोरीने हा ताप कधी पाहिलेला नाही. ती त्याच्याशी कशी झुंजणार? बाहेरून आलेला ताप पहिल्याच माणसापाशी अडवायचा असतो. तू अडवलास माणसाला!"

मग ते झिबलकडे वळले. "तुझ्यासोबत आणखी कोण होतं?"

"सात जन होतो जी. दोघायले थंडी वाजत होती. पन मले इथं टाकलेलं पाहून ते गपचूप घरी गेले."

"कोण दोघं?"

झिबलने शिष्याकडे पाहिले. "एक तं यायच्याच शेजारचा."

शिष्य धावतच शेजाऱ्याच्या दारी गेला. दाराला आतून कडी होती.

"मले काई नाई झालं! थकलो हाय," आतून कापरा आवाज आला.

"गोळ्या देतो, दादा. गोठ्यात नाही धाडणार."

"मंग झिबलले काऊन धाडलं?"



"चुकलो," शिष्य म्हणाला. "त्याला आत्ताच घरी आणतो. माझ्यावर हवा तेवढा राग काढा, पण हात दाखवा."

बऱ्याच वेळाने दार किलकिले झाले. फटीतून बाहेर आलेला हात तापाने भाजत होता. शिष्याने तो दोन्ही हातांनी धरला.