डीपीआक्का आणि तीन गाड्या

विजेच्या गाड्या गावात नव्यानं आल्या, तेव्हाची ही गोष्ट. वेशीपाशी खांबावर बसलेली डीपीआक्का, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्या गावाला वीज वाटायची. पण रोज दिवेलागणीला तीन गाड्या एकदमच वायरी लावून प्यायला बसायच्या आणि आक्काचा फ्यूज उडायचा.

एकदा असाच फ्यूज उडाला आणि गिरणी रडकुंडीला आली. “आक्का, उद्या लग्न आहे. पुऱ्यांचे गहू अर्धेच दळून झालेत.”

आक्का गाड्यांना म्हणाली, “बायांनो, नळावर हंड्यांचा नंबर लावतात, तसा लावा की.”

“आम्ही काय हंडे आहोत?” लाल गाडी फणकारली. “पहिली मीच.”

“बरं, उद्या कुठं जायचंय ते सांगा. लांब जाणारी पहिली.”

“तालुक्याला,” पांढरी म्हणाली.

“डेअरीवर,” निळी म्हणाली.

लाल गाडीनं आरसे मिटून घेतले.

“आणि तू गं?”

“मला कव्हर घालून ठेवतात.”

गिरणी इतकी हसली, की सगळीकडे पीठ उडालं.

वायरमननं फ्यूज बसवला. आधी गिरणी फिरली, मग पांढरी प्यायली, मग निळी. लाल गाडीची पाळी पहाटे आली, तरी उजाडायच्या आत तिचं पोट भरलं.

तिचा मालक मात्र लग्नाला पायीच गेला. मांडवापाशी धूळ फार होती म्हणे.